बग्गीखान्यातली खिरापत

वहिनी, समाचाराला येणारी मंडळी तुमच्याबद्दल काय काय बोलतात, ते तुम्ही ऐकायला हवं होतं. "शांत बाई हो. सोशीक. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी मान हलवतो, पाण्याचा तांब्या पुढे सरकवतो आणि मनात म्हणतो, ही मंडळी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेली दिसतात. आमच्या घरात जी बाई होती तिनं धाकट्या दिराला एक दिवस सुखानं घास गिळू दिला नाही. ताटात भाजी वाढता वाढता तुम्ही विचारायचात, "काय भावजी, आज किती पोरांची तोंडं बंद केलीत?" आणि मी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सरकारी शाळेत पहिलीचा मास्तर, हातातला घास तसाच ठेवून माझ्या वर्गाची बाजू मांडत बसायचो. भाजी निवून जायची.

आता तेरावं झालं. ये-जा कमी झाली. मी गरम गरम जेवतो, आणि जेवणात काही चव नाही.

तुमचं चरित्र मला लिहायचं नाही. जन्म कुठला, माहेर कुठलं, दादा दरबारच्या कोणत्या कचेरीत होते, हे सगळं सांगायला नातेवाईक पुष्कळ आहेत. माझ्याजवळ आहे ते आपलं भांडण. मूल शाळेच्या दारात येतं तेव्हा त्यानं काय घेऊन यावं, एवढाच मुद्दा होता, आणि तो काही मिटला नाही. मी म्हणायचो, निदान अक्षरं घेऊन यावं. तुम्ही म्हणायचात, "तोंड घेऊन आलं तरी पुष्कळ झालं. अक्षरं तुम्ही द्या, पगार त्याचाच घेता ना?"

संस्थान विलीन झालं आणि आपल्या गल्लीच्या टोकाच्या सरदारांनी घोडे विकले. मग बग्ग्याही गेल्या. शहरभर तेव्हा हेच चाललं होतं. काल ज्याच्या दारात पहारा होता त्याच्या दारात आज कुलूप. दादा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बाकीचे लोक रिकाम्या बग्गीखान्याकडे बघून उसासे टाकत होते, आणि तुम्ही एक दिवस पदर खोचून सरदारांच्या बाईसाहेबांपुढे उभ्या राहिलात. "घोडे नाहीत तर मुलं बांधते तिथे," म्हणालात. बाईसाहेब हसल्या म्हणे. हसल्या आणि किल्ली दिली. असं तुमचं बालमंदिर सुरू झालं. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या, त्यांना मुलांच्या पिशव्या लटकायच्या, आणि पहिली दोन वर्षं तरी तुमची सगळी मुलं घरी जाताना घोड्याचा वास घेऊन जायची. आयांनी त्याबद्दल तक्रार केली. तुम्ही म्हणालात, "फुकटचं अत्तर आहे, राहू द्या."

मी आलो होतो बघायला. पाट्या कुठे आहेत, विचारलं. नाहीत. फळा? नाही. तक्ते? नाहीत. चार-पाच वर्षांची मुलं गोल करून बसली होती आणि मधे एक झाकलेला पितळी डबा. मी म्हटलं, "वहिनी, हे बालमंदिर आहे की भोंडला?" तुम्ही म्हणालात, "खिरापत आहे."

तुमचा तो हिशेब मला फार उशिरा कळला. दादा गेले आणि नवरात्रात भोंडल्याला तुम्हाला कुणी बोलवेना. तशी रीतच आहे, कुणी मुद्दाम केलं असंही नाही. फेर संपला की घरची बाई झाकलेलं ताट आणते आणि पोरी आतलं ओळखत बसतात, गोड की तिखट, ओलं की कोरडं. तेवढा भाग तुम्हाला लहानपणापासून सगळ्यात आवडायचा. फेर त्यांनी ठेवून घेतला, ठीक आहे. खिरापत तुम्ही उचलून बग्गीखान्यात आणलीत आणि नवरात्राच्या नऊ दिवसांपुरती न ठेवता वर्षभर चालवलीत. मी तुमच्या जागी असतो तर कोपऱ्यात बसून रडलो असतो.

खेळ साधा होता. रोज एका मुलाची पाळी. त्यानं घरून डब्यात काहीतरी झाकून आणायचं. लाडूच आणला पाहिजे असं नाही. चिंच, जायफळ, जुनं कुलूप, गेरूचा खडा, काहीही. बाकीच्यांनी विचारायचं आणि डबेवाल्यानं उत्तर द्यायचं. खोटं बोलायचं नाही, आणि काही झालं तरी नाव घ्यायचं नाही. कुणी विचारून झालेलाच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याची पाळी गेली. या शेवटच्या नियमाचं मला तेव्हा हसू आलं होतं. पण पाच वर्षांचं पोर दुसऱ्या पोराचं बोलणं कान देऊन ऐकतंय, हे मी माझ्या वर्गात छडी आपटूनही कधी पाहिलं नव्हतं.

श्रावणात मुलं फक्त "गोड आहे का?" एवढंच विचारायची. कुलपालाही गोड आहे का विचारायची. दिवाळीपर्यंत "बाजारात मिळतं की घरी करतात?" पर्यंत मजल जायची. आणि एका फाल्गुनात पुष्पानं डब्यात गजक, ती तिळाची मिठाई, आणली होती. पुष्पा म्हणजे स्टेशनाजवळच्या पडावावरच्या गजकवाल्याची मुलगी. तिच्या घरी मराठीचा एक शब्द नाही. शेजारच्या कुमुदचा हात धरून ती एक दिवस बालमंदिरात आली ती परत गेलीच नाही. तर पुष्पाच्या डब्याला कुमुदनं प्रश्न विचारला, "हे आधी काय होतं?" आणि पुष्पानं थोडा विचार करून सांगितलं, "पहले तिल थी, खेत में थी, फिर बहुत कुटी." त्या दिवशी तुम्ही घरी आलात त्या नाचतच. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "भावजी, हे आधी काय होतं, असं विचारलं हो पोरीनं!" मी म्हटलं, त्यात काय एवढं. खरं तर मला आत कुठेतरी टोचलं होतं. इतकी वर्षं मास्तरकी करून मला माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं असा प्रश्न विचारला नव्हता. आणि आपण आधी काय होतो हा प्रश्न तर तेव्हा शहरातल्या निम्म्या माणसांना पडला होता, पण विचारायचं धाडस कुणाला नव्हतं.

मग पुन्हा सगळं बदललं. संस्थानाच्या जागी आलेलं मध्यभारत राज्य गेलं, मध्यप्रदेश आला. कचेऱ्या भोपाळला हलल्या, त्यांच्यामागे माणसं हलली, आणि आमच्या शाळेतली मराठीची तुकडी बंद झाली. पहिलीपासून सगळं हिंदीत. नवे हेडमास्तर आले जबलपूरकडचे, दुबेजी. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा. त्यांनी ठरवलं की पहिलीत घेण्याआधी प्रत्येक मुलाची हिंदीत तोंडी परीक्षा होईल. ज्याला जमणार नाही त्यानं एक वर्ष घरी बसावं.

बग्गीखान्यात आयांची रीघ लागली. "बाई, आता खिरापत पुरे. वर्णमाला शिकवा." "बाई, यांची बदली भोपाळला झाली तर मुलगी तिथे जाऊन काय बोलेल? तिथे सगळं हिंदीतच चालतं ना." कुमुदची आई तर स्पष्टच म्हणाली की एकही मूल मागे राहिलं तर आम्ही सगळ्या आपापली मुलं काढून घेऊ. त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या. त्यांच्या नवऱ्यांचं आयुष्य एका आदेशानं इकडचं तिकडे झालं होतं, मुलांचं तरी होऊ नये असं त्यांना वाटत होतं. मी तुम्हाला म्हटलं, वहिनी, ऐका त्यांचं. दोन महिने आहेत हातात. अक्षरं घोटून घ्या.

तुम्ही ऐकलंत, पण तुमच्या पद्धतीनं. अक्षरं घोटली नाहीत. गल्लीतली, पडावावरची, जी कोणी हिंदी बोलणारी लहान मुलं सापडली ती बोलावून आणलीत आणि गोलात बसवलीत. एक मराठी, एक हिंदी, असं आलटून पालटून. ज्याचा डबा त्याची भाषा. ज्याला विचारायचं असेल त्यानं हवं तसं विचारावं. मी म्हटलं, हा काय कालवा चालवलाय? तुम्ही म्हणालात, "कालवतेच आहे. नीट कालवलं की गिळतं मूल." वैशाखात मी एकदा शाळेत जाताना दाराशी थांबलो होतो, तुम्हाला कधी बोललो नाही. आत एक मराठी मुलगा विचारत होता, पुष्पा ते हिंदीत करून पलीकडच्याला सांगत होती, पलीकडचा उत्तर देत होता आणि कुमुद ते मराठीत फिरवत होती. कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना फक्त डब्यात काय आहे ते कळायला हवं होतं. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की शाळेची घंटा चुकली.

परीक्षेचा दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बाहेर कडुनिंबाखाली आयांबरोबर बसला होतात. आत दुबेजी आणि त्यांच्या शेजारी मी. पहिली कुमुद आली. दुबेजींनी हत्तीचं चित्र पुढे धरलं. "यह क्या है?"

कुमुदनं चित्राकडे पाहिलं, दुबेजींकडे पाहिलं आणि गालात हसली. "बड़ा है," म्हणाली. "नहाता है तो पानी उड़ाता है. राजा के यहाँ था, अब नहीं है."

"हाँ, पर यह है क्या?"

"वह तो आप बूझिए," कुमुद म्हणाली.

वहिनी, तुमचा नियम! ज्याच्यासमोर वस्तू आहे त्यानं नाव घ्यायचं नाही. पोरीला वाटलं साहेबांना खिरापत खेळायची आहे. दुबेजींनी मान हलवून तिला बाजूला बसवलं. दुसरा मुलगा आला, त्याला आंबा दाखवला. तो म्हणाला, "पहले हरा होता है, दादाजी चूसते हैं, मुझे काटकर देते हैं." नाव नाही. तिसरीला घर दाखवलं. ती आत काय काय असतं ते सांगत सुटली, चुलीपासून देवघरापर्यंत, घर म्हणाली नाही. मी दुबेजींना हळूच म्हटलं, "साहब, यह इनका खेल है. नाम सबको मालूम है." ते म्हणाले, "मास्टर साहब, स्कूल खेल नहीं है. और आप तो घर के आदमी हैं."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो. "वहिनी, उठा, मुलांना सांगा नाव घ्यायचं. एका शब्दाचं काम आहे!"

तुम्ही बसून राहिलात. "त्यांनी काय चूक केली?" विचारलंत.

"चूक नाही, पण नापास होऊन राहिलीत!"

"भावजी, वर्षभर मी सांगितलं की नाव घ्यायचं नाही. ती पाळतात. आज साहेब आले म्हणून नियम मोडा, असं सांगू? मग शब्द पाळायचा तो कुणासमोर आणि मोडायचा तो कुणासमोर, हेच शिकतील ती. अक्षरं शिकायच्या आधी हे शिकवायचं का?"

इतका राग मला तुमचा कधी आला नव्हता. कुमुदची आई तिथेच होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. तुमच्या तत्त्वापायी लोकांच्या लेकरांचं वर्ष जाणार, बालमंदिराला टाळं लागणार, तुमची भाकरी जाणार, आणि तुम्ही कडुनिंबाखाली मांडी घालून मला न्यायनीती सांगत होतात. त्या दिवशी घरी मी जेवलो नाही. अजूनही मला पटलेलं नाही, वहिनी. शेवट चांगला झाला म्हणून तुमचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण आपल्या मुलांवर इतका भरवसा ठेवायला छाती लागते, एवढं मात्र लिहून ठेवतो.

दुबेजींनी मुलांना नापास म्हणून जाहीर केलं नाही. आठवड्यानं पुन्हा आणा, म्हणाले. त्यांनाही काहीतरी खटकलं असावं. मला म्हणाले, "ये बच्चे बोलते तो खूब हैं, जवाब नहीं देते." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्या कचेरीत हजर. मी दाराशी उभा. तुमचं हिंदी म्हणजे मराठीच, नुसती डोक्यावर टोपी घातलेली. "साहब, आप हमारे यहाँ आइए. डिब्बे में कुछ लाइए. और मुँह बंद रखिए." मी कपाळाला हात लावला. दुबेजींनी चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने बजे?"

आले की हो. धोतर सावरत बग्गीखान्यात जमिनीवर बसले. पत्नीनं दिलेला डबा मांडीवर. कुमुदनं पहिला प्रश्न टाकला, "मीठा है?" आणि दुबेजी म्हणाले, "हाँ बेटा, बेसन का लड्डू है."

पुष्पा ओरडली, "बाई, इन्होंने बता दिया!" सगळी मुलं तोंडावर हात ठेवून त्यांच्याकडे बघायला लागली. एवढ्या मोठ्या माणसाची अशी फजिती त्यांनी पाहिली नव्हती. दुबेजी खरंच ओशाळले. त्या वेळी कुमुद उठून त्यांच्याजवळ गेली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "पहली बार सब बता देते हैं. फिर से छुपाइए."

त्यांनी खिसा चाचपला, पाठ फिरवून डब्यात काहीतरी टाकलं. मुलं तुटून पडली. खाते हैं? "नहीं... कुछ बच्चे खाते हैं." कड़ा है? "हाँ. मगर टूट जाता है." घर में होता है? "मेरे घर में नहीं." दुबेजींना घाम फुटला होता. आयुष्यभर ज्या वस्तूला हात लावला तिच्याबद्दल, नाव सोडून, सांगण्यासारखं त्यांना काही आठवेना. ते डब्यात डोकावून बघत, पुन्हा विचार करत. मग एका मराठी मुलानं विचारलं, "ते कमी होतं का?" आणि पुष्पानं लगेच फिरवलं, "घटता है क्या?"

"हाँ," दुबेजी म्हणाले. "रोज घटता है."

"तो जाता कहाँ है?" कुमुदनं विचारलं.

त्यांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. "थोड़ा यहाँ," म्हणाले. "थोड़ा हवा में. बाकी, बेटा, मुझे नहीं मालूम कहाँ गया." आणि त्या पांढऱ्या बोटांकडे बघून अर्धी मुलं "खडू!" आणि अर्धी "खड़िया!" असं एका दमात ओरडली.

दुबेजींनी भाषण वगैरे काही केलं नाही. लाडू वाटले, धोतर झटकलं आणि जाताना तुम्हाला म्हणाले, "जुलाई में भेज दीजिए. सबको." तुम्ही नमस्कार केलात. ते वळल्यावर माझ्याकडे पाहून जी भुवई उडवलीत, ती मी विसरणार नाही. तिचा त्रास मला पुढे महिनाभर झाला.

ती मुलं माझ्या वर्गात आली आणि माझी झोप उडाली. मी "ग" लिहिला तर विचारायची, गुरुजी, याच्या आत काय आहे? गमला, गाजर, गणेश असं सांगून मी पुढे सरकायचो तर कुमुद म्हणायची, "मग आम्ही ओळखू की." त्यांची अक्षरं वाकडी होती, हे मी तुम्हाला हजार वेळा सांगितलं आणि पुन्हा सांगतो. पाटी धरायचं वळण नव्हतं. इतर मुलं पाढा म्हणायची तेव्हा ही एकमेकांना प्रश्न घालत बसायची. पण दिवाळीनंतर वाचायला लागली तेव्हा थांबेनात. पान संपलं की उलटून पुढे काय झालं ते बघायची. माझ्या जुन्या मुलांना पान संपलं की हायसं वाटायचं. या फरकाचं श्रेय कुणाचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. नुसतं माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढलीत.

तुम्हाला पहिलीतही खिरापत हवी होती. मी म्हणायचो, वेळापत्रकात बसत नाही. तुम्ही म्हणायचात, वेळापत्रकाला बाजूला सरकून बसायला सांगा. तो वाद गेल्या महिन्यापर्यंत चालू होता. आता तो माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकून गेलात, हे बरं नव्हे.

आता तुमच्या शेवटच्या तुकडीचं सांगतो, कारण त्यासाठीच खरं तर लिहायला बसलोय.

तुम्ही बग्गीखान्यातच गेलात, सकाळी, मुलांसमोर. मी शाळेत होतो. निरोप आला आणि धावत पोचलो तोवर शेजाऱ्यांनी मुलांना उचलून आपापल्या घरी नेलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या तुम्ही, एवढंच मी पाहिलं. त्रास झाला का, पाणी मागितलंत का, कुणाला हाक मारलीत का, हे सांगणारं मोठं माणूस तिथे कुणी नव्हतंच. रोज रात्री अंथरुणावर पडलो की मी त्याचाच विचार करत होतो. मुलांना विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. सगळे म्हणाले, लहान आहेत, घाबरली असतील, त्यांना आठवण देऊ नका.

काल शाळेत दाखले होते, पहिलीत नवी मुलं घ्यायची होती. आया मुलांना घेऊन आल्या, पण धास्तावलेल्या. बाई मधेच गेल्या, मुलं अर्धी कच्ची राहिली, यंदा घ्याल का? सगळ्यात मागे शालूची आई. शालू माहीत आहे ना, दोन वेण्यांची, जी वर्षभर तुमच्याकडे येऊन बसली, डब्याची पाळी आली तरी नुसती मान हलवायची, आणि एक शब्द बोलली नाही. घरी बोलते, बाहेर नाही. तिला बोलतं करा म्हणून आई तुमच्या मागे लागायची आणि तुम्ही म्हणायचात, "ती ऐकून राहिली आहे. ऐकू द्या." मी म्हटलं होतं, ही मुलगी काही बोलायची नाही, पैज लावा. तुम्ही लावली नव्हती.

आईनं हात जोडून सांगितलं, "साहब, यह बोलती नहीं. एक साल और रख लूँ घर में?" दुबेजी आता चित्रं दाखवत नाहीत. त्यांनी खुर्ची सोडली, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "तुम्हारी बाई के यहाँ क्या करते थे, बेटा?"

शालूनं माझ्याकडे पाहिलं. मग ती बोलायला लागली. मराठीत, मधून मधून हिंदीत, न अडखळता.

"त्या दिवशी माझा डबा होता. सगळ्यांनी विचारलं. कोणाला नाही आलं. मग बाई म्हणाल्या, आता मी विचारते. बाईंनी विचारलं, थंड आहे का? मी म्हटलं, हो. मग बाई दीवारला टेकून बसल्या. मग विचारलं, तुला आवडतं का ग? मी म्हटलं, बहुत. बाई हसल्या. बहुत हसल्या. मग त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, सोचून राहिल्या आहेत. सोचणाऱ्याला हलवायचं नसतं. म्हणून आम्ही बसलो. कोणी आवाज नाही केला. बहुत वेळ बसलो. मग दूधवाली आली, ती ओरडली."

तिची आई रडत होती. दुबेजींना मराठी अर्धीमुर्धीच कळते, पण ते चष्मा काढून पुसत होते. मला म्हणाले, "लिख लीजिए, मास्टर साहब. पहली कक्षा."

मी शालूला जवळ घेतलं. डब्यात काय होतं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, की त्याच्या आधी तू बाईंशी कधी बोलली होतीस का.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीच."

म्हणजे तुम्ही तिचा आवाज ऐकून गेलात, वहिनी.